खिडकी उघडी ठेवा, असं मी मथळ्यातच सांगत होतो

मित्रांनो, मला पान आहे पण कागद नाही, वाचक आहेत पण कपाट नाही. मी एका दुकानाच्या ब्लॉगवरचा जुना लेख आहे. आणि मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की लेखाला राग शोभत नाही.

गीझर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका मावशीने मला लिहिलं. थंडी पडली की लोक बाथरूमची खिडकी लावून घेतात, फटीत चिंध्या कोंबतात आणि आत गॅसचा गीझर पेटवतात. त्यातून विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. माणसाला गरगरतं आणि तो जागच्या जागी बसतो. मावशी गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून थकली, तेव्हा काउंटरवर बसूनच तिने मला टाइप केलं. मथळा होता, ‘गॅस गीझर आहे? खिडकी उघडी ठेवा’. पहिली ओळ होती, ‘आत गेलेलं माणूस ओ देत नसेल तर आधी दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि गॅस बंद करा.’ झालं. मी एवढासाच होतो, पण माझ्या अंगात एक थेंब पाणी नव्हतं.

मग मावशीचा भाचा आला. ब्लॉग सर्चमध्ये वर कसा आणायचा, याचा कोर्स करून आला होता. दुकानात त्याला सगळे ‘पहिलं पान’ म्हणायचे, कारण दुसरी गोष्टच त्याच्या तोंडी नसे.

“मावशी, तू पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकतेस. मग माणूस थांबेल कशाला?”

“थांबायचंय कुठे त्याला? टॉवेल खांद्यावर टाकून उभा आहे तो.”

“तो थांबला तरच आपण वर जातो.”

“आणि खिडकी लावून आत थांबला तर तोच वर जाईल.”

हसली मावशी. पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तेव्हा जाता जाता म्हणाली, “कर बाबा काय करायचं ते.” या पाच शब्दांवर माझी वाट लागली.

माझा मथळा झाला, ‘गॅस गीझर : संपूर्ण माहिती, फायदे, तोटे आणि सात थक्क करणाऱ्या गोष्टी’. दर वाक्यात ‘गॅस गीझर’ कोंबला. लग्नात ओळख नसलेला पाहुणा यजमानांचं नाव सारखं घेतो ना, तसा मी दिसू लागलो. वरती ‘गॅस गीझर म्हणजे काय?’ आलं. ज्याच्या घरात तो भिंतीला टांगलेला आहे, त्यालाच हा प्रश्न. मग आंघोळीचा इतिहास. माणसं पूर्वी नदीवर कशी जात, तिथपासून. आणि माझी पहिली ओळ गेली तळाला, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

मी पहिल्या पानावर पोचलो, नाकारत नाही. खाली ‘खूप छान माहिती’ असे अभिप्राय साचले. खरोखर वाचलं असतं तर कुणी छान म्हणालं नसतं. घाबरून उठलं असतं.

एका थंड सकाळी एका सुनेने मला उघडलं. सासरे गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेले, पाणी वाहत होतं, हाकेला ओ नव्हती. तिने फोनवर तेवढंच टाइप केलं आणि सर्चमध्ये सगळ्यांत वर मीच आलो. तिचा अंगठा भराभर माझ्यावरून सरकत होता. म्हणजे काय, फायदे, तोटे, नदी. तळाशी माझी ओळ बोंबलत होती आणि तिच्यापर्यंत आवाज पोचत नव्हता. शेवटी तिने मला पलंगावर भिरकावलं आणि शेजारच्या सुताराला हाक मारली. त्याने पटाशी घालून कडी उचकटली. सासरे थोडक्यात वाचले. त्याचं श्रेय पटाशीला, मला नाही.

ते इस्पितळातून घरी परतल्यावर ती दुकानात आली आणि फोन मावशीपुढे धरला.

“हे तुमचं का?”

मावशी चष्मा लावून वाचू लागली. नदीपाशी थांबली.

“मीपण तिथवरच पोचले होते,” सून म्हणाली. “सासरे आत पडलेले, आणि मी नदीवर.”

“पण उत्तर खाली दिलंय ना,” भाचा पुटपुटला. “पूर्ण वाचलं असतं तर...”

“पूर्ण वाचत बसले असते तर आज सुतकात सासूबाईंजवळ बसावं लागलं असतं. दुकानात यायला सवड कुठली?”

मावशीने भाच्याला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. नदी गेली, सात गोष्टी गेल्या, माझी पहिली ओळ पुन्हा वर आली.

“सगळी मेहनत पाण्यात, मावशी. खाली जाऊ आपण.”

“जाऊ. चुकलं ते माझंच. न बघता हो म्हणाले मी.”

आम्ही खाली गेलो नाही. पण भाच्याचं तोंड अजून उतरलेलंच आहे. “पहिली ओळ सर्चमध्ये बाहेरच दिसते गं. लोक ती वाचतात आणि आत न येताच निघून जातात.”

“जाऊ देत की,” मावशी म्हणते. “त्यांना घरात काम असेल.”

मित्रांनो, उद्या तुम्हीही लिहाल, मथळे द्याल, वर यावंसं वाटेल. वाटू द्या. पण ज्याला घाई आहे त्याला अडवून आपली उंची वाढवू नका. आणि माझ्यापाशी फार रेंगाळू नका. घरात कुणी आंघोळीला गेलं असेल, तर आधी एक हाक मारून या.