सकाळी आठची प्रत

मशीनवालीने सकाळी आठच्या ठोक्याला जुन्या डेटाबेसची प्रत काढून ठेवली, तेव्हा तिच्या हिशेबाने काम तासाभराचं होतं. करणाऱ्याला काम नेहमी तासाभराचंच वाटतं.

इस्पितळाच्या तळघरातला सर्व्हर ती सांभाळायची, म्हणून सगळ्यांच्या तोंडी मशीनवाली. सर्व्हर म्हातारा, त्यावरचं लिनक्स त्याहून म्हातारं. नव्या डेटाबेसचं तयार पॅकेज त्यावर बसेना. मग मूळ सोर्स कोड आणून तिथेच कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्रॅम जागेवरच घडवायचा, आठची प्रत त्यात भरायची आणि जुन्याला निरोप द्यायचा, असं ठरलं. तोवर जुना चालूच होता. वरच्या मजल्यांवरच्या नोंदी त्यातच पडत होत्या.

पण पहिल्याच पायरीला गाडं अडलं. कोडला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार तुकडा, नाही. ती आणली, तर दुसरी नाही. एक सांधावं तर तेरा तुटतात, तशातली गत.

दहा वाजता बाबा आले. दुपारी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. ती धावत वर गेली आणि नोंदणीच्या खिडकीपाशी कारकुनाला म्हणाली, "ॲलर्जीत पेनिसिलिन लिहा. मागच्या महिन्यात बाहेरच्या दवाखान्यात त्याच्या एका इंजेक्शनने यांचा घसा सुजला, श्वास अडकला होता. मरता मरता वाचले."

कारकुनाने टाइप केलं. अक्षरं लाल झाली. ती डोळ्यांनी बघूनच तिथून हलली.

"हे सगळं मशीन माझ्या लेकीच्या हातात आहे बरं का!" बाबा रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगत होते.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

बाराला एकदाचं कंपाइल सुरू झालं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत राहिल्या. दोनला सगळ्या चाचण्या पास झाल्या. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. या साहेबांना लग्नाआधी बारशाची घाई.

"झालं का? मग जुनं उडवा ना! डिस्कवर दोघांना जागा तरी आहे का?"

जागा जेमतेम होती, हे खरंच होतं. तिने दहा मिनिटं नोंदी थांबवल्या, आठची प्रत भरली, चार नावं शोधून पाहिली. सापडली. मग तिने जुना डेटाबेस पुसला. वरचे सगळे पडदे पुन्हा चालू झाले, कुठे हूं की चूं नाही.

चहाचा कप हातात घेऊन, नुसत्या कौतुकाने, तिने बाबांचं नाव शोधलं.

दोन वर्षांपूर्वीची नोंद आली. गुडघ्याचं दुखणं. ॲलर्जी: नाही.

लाल अक्षर एकही नव्हतं. तिने सगळ्यात शेवटची नोंद काढली. आजची, सात वाजून अठ्ठावन्न मिनिटांची. आठनंतर जे जे कुणी सांगितलं, लिहिलं, ते सगळं तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. नोंदी आधी थांबवायच्या आणि मगच ताजी प्रत काढायची, हा नियम ती नव्या पोरांना दरडावून शिकवायची.

तिने वॉर्डात फोन लावला. सिस्टर हसऱ्या आवाजात म्हणाल्या, "ताई, अगदी निश्चिंत राहा. ऑपरेशनआधीचं इंजेक्शन आत्ताच दिलं. स्क्रीन बघूनच दिलं हो. वर त्यांनाही विचारलं, काही चालत नाही असं आहे का? तर म्हणतात कसे, मला काय विचारता, कॉम्प्युटरला विचारा. माझ्या लेकीने सगळं नीट ठेवलंय."

"कुठलं इंजेक्शन? पेनिसिलिनचं?"

"हो, तेच."

"डॉक्टरांना बोलवा! त्यांना ते चालत नाही, सिस्टर, धावा!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग पावलं, आणि त्यांच्याही पलीकडे कुणाचा तरी खोकला. लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकलेला तो खोकला तिने लगेच ओळखला. तो थांबत नव्हता.