उंच माणसाचा झगा

शिंपीणबाईचा नवरा उंच होता. उंच म्हणजे किती, तर बल्ब बदलायला त्यांच्या घरात स्टूल लागत नसे. दर रविवारी तो चर्चला निघाला की ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "जा, तुमच्या देवाला माझा नमस्कार सांगा. मला शिलाई आहे." पुढे अकरा महिने तो अंथरुणाला खिळला, शेवटच्या दिवसापर्यंत प्रार्थना करत राहिला, आणि गेला. त्या दिवसापासून तिने देवाशी कट्टी केली. मुळात गट्टी नव्हतीच, पण तरी केली.

वर्ष झालं. गिऱ्हाइकं यायची, "बाही जरा सैल ठेवा" म्हणायची आणि जायची. तिला वाईट वाटेल म्हणून नवऱ्याचा विषय कुणी काढत नसे, आणि नेमकं त्याचंच तिला वाईट वाटायचं. दुकान बंद असलं की संध्याकाळी घसा खाकरताना लक्षात यायचं, आज आपण कुणाशी एक शब्दही बोललो नाही.

अशात चर्चच्या पाळकसाहेबांनी नवा झगा शिवायला टाकला. माणूस बुटका, गोल. तिने माप नीट घेतलं, कागदावर लिहिलं, कागद मशीनजवळ टाचून ठेवला. पण तीस वर्षं कापड कापणारा हात कागदाकडे कशाला बघतोय? पांढरं कापड पसरलं, खडू उचलला आणि हात आपला चालत राहिला.

घालून बघायला आले तर पाळकसाहेब त्या झग्यात बुडालेच. बाह्या बोटांखाली वीतभर लोंबत होत्या, घेर जमिनीवर लोळत होता. टेप लावायची गरजच नव्हती. हे माप तिने झोपेतही ओळखलं असतं.

"उसवते. आत्ता नीट करून देते," ती घाईघाईने म्हणाली.

पाळकसाहेबांनी आरशात पाहिलं, मग तिच्याकडे. "हे त्यांचं माप ना?"

तिने मान डोलावली.

"बाकात गुडघे मावायचे नाहीत म्हणून शेवटच्या बाकावर कडेला बसायचे. पाय वाटेत. मी दर रविवारी अडखळायचो." ते हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

तिचा बांध फुटला. "एवढी प्रार्थना केली त्यांनी. काय उपयोग झाला?"

"बरं वाटू दे, असं ते फक्त सुरुवातीला मागायचे. नंतर माझ्याबरोबर एकच मागायचे, तिला एकटं सोडू नकोस." पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "आणि मी वर्षभर तुमच्या दारात फिरकलो नाही. चुकलं माझं, ताई. हे उसवू नका. खालून तेवढं उचला. रविवारी हाच घालतो."

रविवारी ती गेली. स्वतःला म्हणाली, लोक हसतात का ते बघून येऊ. शेवटच्या बाकावर कडेला बसली. आशीर्वादासाठी पाळकसाहेबांनी हात वर केले, तर दुमडलेल्या बाह्या सुटून हातच दिसेनात. लोक हसले. तीही हसली, आणि मग तिला रडू आवरेना.

सगळे उठून गेले तरी ती बसून होती. बाक भलताच लांब वाटत होता.

"प्रभू," ती मोठ्याने म्हणाली, "मी फार एकटी पडलेय. मला नीट मागता येत नाही. पण त्यांनी मागितलंय ना तुझ्याकडे?"

मग पदराने तोंड पुसून ती जरा आत सरकली आणि कडेची जागा रिकामी केली.

"ये," ती म्हणाली. "बस."