मधली बाई

"आवडाबाय, सांग याला, मी काय याच्या आयची मोलकरीन नाय," ठमी म्हणाली.

ती बोलत होती माझ्या आईशी. याला म्हणजे तिच्या नवऱ्याला, सदाला. तो समोरच्याच खुर्चीत होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. आई त्याच्याकडे वळली आणि तेच शब्द तिने सांगितले, फक्त आवाज थोडा उतरवून. सदाने ते नवीन असल्यासारखे ऐकले.

"तिला विचार," तो म्हणाला, "माहेरला जाताना माझ्या आयला कोन सांगून जानार व्हता? बोंबील?"

ठमीने पदर तोंडाला लावला. आई सदाला म्हणाली, "हसते हाय ती." त्या दिवशी ती दोघं एकामागे एक न चालता शेजारी शेजारी चालत घरी गेली.

भरतीचं पाणी मिठागरात शिरलं की जिथे हे बोलणं चालायचं त्या खोलीच्या छतावर उजेड हलायचा. बाहेर मिठाच्या राशी पांढऱ्या, आत चुन्याने रंगवलेल्या भिंती पांढऱ्या. त्या दुपारी मी जागेपणी पाहिल्या की अर्धवट झोपेत, हे आता मला नक्की सांगता येत नाही.

उरणहून मोऱ्याच्या बंदराला जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत, १९५९ साली मुंबईच्या विद्यापीठाने ते केंद्र काढलं. पाटीवर 'कुटुंब अभ्यास व मार्गदर्शन केंद्र' असं लिहिलेलं होतं. गावात त्याला भांडणाची शाळा म्हणत. घरात किती माणसं, कोण कोणाशी किती बोलतं, सुनेला जेवायला किती वाजतात, असं तिथली माणसं घरोघर विचारून लिहून घेत. मंगळवारी आणि शुक्रवारी कोठारेबाई मुंबईहून लाँचने येत आणि ज्यांच्या घरात बेबनाव असेल त्यांना समोरासमोर बसवत. नवराबायकोने एकमेकांशी मोकळेपणाने बोलावं, अशी त्यांची शिकवण होती. पण परक्यादेखत नवऱ्याशी तोंड वर करून बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. जोडपी येत, मिठाच्या दोन राशींसारखी बसत आणि उठून जात.

आई तिथे झाडलोट करायला आणि पाणी भरायला होती. एकदा ती पाणी ठेवायला आत गेली तेव्हा एका बाईने तिचा हातच धरला. आवडाबाय, तूच सांग याला, म्हणाली. त्या दिवसापासून मध्ये तिसरी खुर्ची आली आणि खोलीत माणसं बोलू लागली.

कोठारेबाई कोण कोणाला काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून घेत. वर्षअखेरीला विद्यापीठातून एक वयस्क प्राध्यापक तपासणीला आले. त्यांनी वही वाचली आणि विचारलं की सगळ्या गावाचा राग या एकट्या मदतनीस बाईवर आहे, तर तिला कामावरून कमी का करत नाही. कोठारेबाई आधी गोंधळल्या, मग त्यांना हसू आवरेना. आई दाराशी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब. माझ्यावर रागवून घरी गेली की बरी नांदतात."

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. अक्षर बरं म्हणून बाहेरच्या खोलीत बसून त्या वह्यांची पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे होतं. सगळ्या गावाचे निरोप पोचवणाऱ्या बाईच्या घरी निरोप कोण पोचवतं, हे मला कोणी विचारलं नाही. ते काम माझंच होतं.

माझा धाकटा भाऊ भिकू १९५२ च्या चैत्रात तापाने गेला. तेव्हा मी आठ वर्षांची होते. गावच्या वैद्याने मुंबईच्या इस्पितळात न्या म्हणून सांगितलं होतं. वडील मिठागरावर मुकादम होते. ते घरी येऊन म्हणाले की आज लाँच नाही. त्यानंतर थोड्या वेळाने, भिकूला मांडीवर घेऊन आई अंगणात बसली असताना, मोऱ्याकडून लाँचचा भोंगा ऐकू आला. मीही तो ऐकला. त्या रात्री भिकू गेला, आणि आई वडिलांशी पुन्हा बोलली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, ताट कधी चुकवलं नाही. फक्त, "तुझ्या बाला सांग, जेवन झालंय," असं मला सांगे. वडीलही मलाच सांगत. त्या भोंग्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढला नाही. नऊ वर्षं मी त्या दोघांच्या मध्ये होते.

१९६१ च्या जूनमध्ये मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला अलिबागला जायचं होतं. आईला आनंद झाला होता. तिने पत्र्याची पेटीही घासून ठेवली. मला मात्र झोपेत आमचं घर दिसे. दोन माणसं चुलीच्या दोन बाजूंना बसलेली, आणि मध्ये पाण्यासारखा उजेड, त्यात कोणी नाही. मी गेल्यावर ती दोघं जेवण झालंय एवढंसुद्धा एकमेकांना कसं सांगणार होती?

शेवटी मी कोठारेबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की शुक्रवारी वडिलांना बोलावून बघ, आले तर आले. मी घरी वडिलांना तो निरोप सांगितला. आईला मात्र सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी वडील आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. नेहमीसारखी कोणाची तरी वाट बघत आई मधल्या खुर्चीत बसली होती. वडील नवऱ्याच्या खुर्चीत बसले. बायकोची खुर्ची रिकामी होती. कोठारेबाईंनी आईला तिकडे बसायची खूण करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मी दाराच्या फटीतून बघत होते.

"आवडाबाय," वडील म्हणाले.

आमच्याकडे नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. माझ्या आयुष्यात मी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण त्यांनी हाक मारली होती ती केंद्रातल्या बाईला.

"आवडाबाय, तिला सांग."

"काय सांगू?" आईने विचारलं. नऊ वर्षांनी. आवाज कामावरचाच होता.

"तिला सांग, त्या दिशी लाँच व्हती. मना म्हाईत व्हतं. ढग आले व्हते, मीठ उघडं व्हतं. वाटलं, उद्या नेऊ पोराला."

आई रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"तो सांगतो, त्या दिशी लाँच व्हती," ती म्हणाली. "त्याला म्हाईत व्हतं. ढग आले व्हते, मीठ उघडं व्हतं. त्याला वाटलं," इथे ती जरा थांबली, "उद्या नेऊ पोराला."

या वेळी तिने आवाज उतरवला नव्हता. छतावरचा उजेड हलत होता.

"काय बोलली?" वडिलांनी विचारलं.

"ऐकलं तिनं. बोलली काय नाय अजून."

"बरं," वडील म्हणाले, आणि कामावर गेले. आईने उठून कोठारेबाईंना पाणी दिलं. त्या दिवसाचं पान वहीत कोरंच आहे.

मी अलिबागला गेले. दिवाळीच्या सुट्टीत भीतभीतच घरी आले. वडील जेवायला बसले होते. एक घास घेऊन म्हणाले, "तिला सांग, कालवनात मीठ कमी हाय." मी सवयीने तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सांगते," आई म्हणाली. तिने मिठाचं भांडं पुढे सरकवलं. "ती इचारते, मिठागरवाल्याला मीठ कमी कसं पडतं?"

वडील खाली मान घालून जेवत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, हे कळायला मला वेळ लागला.

पुढच्या वर्षी केंद्र बंद झालं. पाटी उतरली, गोदामात पुन्हा पोती आली. आमच्या घरात मात्र ती दोघं अखेरपर्यंत तसंच बोलत राहिली. मी असले तरी माझ्याकडे वळत नसत.

आई गेल्या वर्षी माघात गेली. तेरावं झालं, माणसं पांगली. वडील ओटीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या शुक्रवारच्या बोलण्याला तिने पुढे कधी उत्तर दिलं का, हे मला विचारायचं होतं. इतकी वर्षं धीर झाला नव्हता. त्या दिवशी विचारलं.

"दिलं ना," वडील म्हणाले.

"काय बोलली?"

मोठी माणसं बोलत असताना मध्येच आत आलेल्या मुलाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"ते मना सांगलं तिनं," ते म्हणाले. "तुला नाय."

भरतीची वेळ झाली होती. ते उठले, टोपी घातली, आणि पाणी आत घ्यायला मिठागराच्या बांधावरून चालत गेले.