तुळसीनं चालवलेली गाडी

“सरी, ठीक आहे गाडी. देऊन टाक,” असं म्हणत रघुनाथराव उतरले आणि दोन्ही हातांनी दार धरून क्षणभर तसेच उभे राहिले.

तुळसीनं हातातला पाना खाली ठेवला. “वळणावर घातलीत अप्पा?”

“घातली की.”

मेटगळ्ळी या कारखान्यांच्या वस्तीतलं हे गॅरेज बापलेक मिळून चालवत. गाड्यांचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर, हे रघुनाथरावांचं खास काम. ते झालं की काचा लावून, रेडिओ बंद करून ते स्वतः गाडी चालवून बघत. कुठं झुकते, कुठं उशिरा सावरते, हे त्यांना पाठीच्या कण्यात कळे. त्यांनी चालवली एवढं ऐकलं, की गिऱ्हाईक पुढं काही विचारत नसे.

गेल्या वर्षी मोठा ताप आला आणि त्यात उजवा कान गेला. कानाबरोबर तोलही गेला. सपाट रस्त्यावरसुद्धा त्यांना जमीन कलल्यासारखी वाटे. कानाचं त्यांनी घरी सांगितलं. तोलाचं नाही.

आजची गाडी नरसिंहमूर्तींची होती. उद्या सकाळी ते म्हाताऱ्या आईला घेऊन ऊटीला लेकीकडे निघणार होते. घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडी कलायची आणि म्हातारी सीट घट्ट धरून बसायची. म्हणून नव्या कडक स्प्रिंगा, नवे शॉकअब्सॉर्बर आणि झुकणं आवरणारी जाड आडवी सळई, असं सगळं तुळसीनं घातलं होतं. मूर्ती गाडी न्यायला येतच होते.

“मी एक फेरी मारते,” तुळसी म्हणाली.

“कशाला? बघितली म्हणालो ना मी?”

“तुम्हीपण चला.”

कारखान्याच्या भिंतीला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर तिनं गाडी जरा वेगात घातली. पुढची चाकं रस्ता धरून राहिली. मागं डावीकडं मात्र खड्ड्यानंतर गाडी उचलली, खाली बसली आणि पुन्हा उचलली. एवढं पुरे होतं. तिनं बापाकडं पाहिलं. ते डोळे मिटून दाराच्या वरची मूठ आवळून बसले होते. कपाळावर घाम होता.

“मागं डावीकडं काही वाटलं?”

“नाही.”

तिनं गाडी फिरवून तेच वळण पुन्हा घेतलं. “आता?”

रघुनाथरावांनी मूठ सोडून डोळे उघडले. मग म्हणाले, “काही कळत नाही पुट्टी. सगळंच हलतंय.”

लहानपणी ते तिला पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणत. तिनं झाडाखाली गाडी थांबवली.

“मला ठाऊक आहे अप्पा.”

“काय ठाऊक आहे?”

“तापापासून तुम्हाला गाडी कळत नाही ते. तुम्ही जेवायला घरी गेलात की प्रत्येक गाडी मी परत चालवायची. मगच द्यायची. आज तेवढा वेळ नव्हता.”

रघुनाथरावांनी काच खाली केली. बाहेर कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि स्कूटरी जात होत्या. ते तिकडंच बघत राहिले.

“एखादी चुकली होती?” त्यांनी विचारलं.

“दोन-तीन.”

“बोलायचं होतंस.”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

गाडी जॅकवर चढवल्यावर कळलं, की मागच्या डाव्या बाजूच्या नव्याकोऱ्या शॉकअब्सॉर्बरमधून तेल पाझरत होतं. तो दुकानातून बदलून आणेपर्यंत मूर्ती येऊन स्टुलावर बसले होते. तुळसीनं दुसरा बसवला आणि आणखी एकदा तेच वळण घेऊन आली.

“झालं सर,” ती म्हणाली.

मूर्तींनी तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. “रघुनाथराव, तुम्ही चालवलीत ना?”

“अप्पांनीच तर पहिल्यांदा…” तुळसी बोलू लागली.

“मी चालवली ती धरू नका,” रघुनाथराव म्हणाले. गॅरेजात हाताखालच्या पोरांची ठोकठाक थांबली होती. “आजारापासून मला कळत नाही. तेल पाझरत होतं, ते मला कळलं नाही, तिला कळलं. तिनं चालवलीय.”

मूर्ती घुटमळले. “घाट आहे हो. आई असते गाडीत.”

“म्हणूनच सांगतोय.”

मूर्ती गाडीभोवती फिरले. मागचा कोपरा हातानं दाबून पाहिला. मग आत बसले, आणि निघताना त्यांनी तुळसीला विचारलं, “चाकात हवा किती ठेवू, बाई?”

ती खिडकीशी वाकून सांगत होती. रघुनाथराव नळाशी गेले. गाडी हातावेगळी केली की धूत, तसे साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, नखांतून बोट फिरवलं, पुन्हा धुतले. दिवसभरात त्यांच्या हाताला तेलाचा थेंबही लागला नव्हता.