हमी होती, पण इथली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे असे म्हणालो तर तुम्ही हसाल, कारण माझे वय अवघे सहा वर्षे आहे. पण ज्या कपाटात मी चार वर्षे पडून आहे, तिथे माझ्या शेजारी एक मुका झालेला रेडिओ आणि फुटक्या काचेचा कंदील आहे. त्या दोघांनी निदान आपापले काम पुरे केले. मी बिघडलेलोही नाही. बॅटरी भरा, बटण दाबा, आजही फोटो निघेल. कोणी दाबत नाही, एवढेच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने मला डोळ्याला लावून पाहिले आणि पुढे सरकवले. म्हणजे मी पास झालो. माझ्या मागेपुढे माझी शेकडो भावंडे होती. नजर तीच, वजन तेच, बटणाचा आवाजही तोच. फरक फक्त पोटाखाली कोरलेल्या नंबरात होता. कोण कुठल्या देशात विकला जाणार, ते त्या नंबरावरून ठरत होते. माझा नंबर हाँगकाँगच्या बाजाराचा होता. खोक्यात माझ्यासोबत एक पिवळे कार्ड ठेवले गेले. त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते की कंपनीची हमी त्या बाजारापुरतीच, तिथे राहणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीच आहे. मला तेव्हा त्याचे काहीच वाटले नाही. नवी वस्तू आपण कधी बिघडू असा विचार करत नाही.

मी ज्यांच्या घरी आलो ते घर नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका खाडीच्या काठी आहे. सोल्फ्रिड लेरॉय माझी मालकीण. वय एक्कावन्न. ती खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर कॉफी आणि गोड, जाडसर घावने विकत असे. तिचे वडील अनफिन ब्याऐंशी वर्षांचे होते. पंधराव्या वर्षापासून ते लाकडी होड्या बांधत होते. नकाशा नाही, आराखडा नाही, सगळे माप डोळ्यांत आणि हातांत. शहरातल्या होडीशाळेने त्यांना कितीदा विनवले की हे लिहून द्या. ते म्हणायचे, "मला काय येतंय लिहायला? हाताला विचारा."

मग एका हिवाळ्यात त्यांनी जाहीर केले, आता एकच होडी बांधीन आणि हत्यारे खाली ठेवीन. सोल्फ्रिडने ठरवले की या शेवटच्या होडीचा एकेक टाका, एकेक खिळा फोटोत धरायचा, म्हणजे बाबांच्या मागे कोणालातरी ती बांधता येईल. त्यासाठी तिला चांगला कॅमेरा हवा होता. अनफिन होड्या बांधत त्या नावघरात एकच खिडकी होती आणि अंधारात हात स्पष्ट दिसायला हवे होते.

खाडीपलीकडच्या गावात रॅग्नवाल्डचे कॅमेऱ्यांचे दुकान होते. सोल्फ्रिड तिथे गेली. माझ्याच एका भावाला तिने तासभर हाताळले. रॅग्नवाल्डने तिला कॉफी पाजली, एकेक बटण समजावून दिले. "विचार करून सांगते" म्हणून ती बाहेर पडली आणि घरी येऊन तिने मला हाँगकाँगच्या एका दुकानातून मागवले. एक तृतीयांश स्वस्त पडत होते. दुकानाच्या पानावर हिरव्या अक्षरांत लिहिले होते, एक वर्षाची आंतरराष्ट्रीय हमी. मी तेव्हा तिथे नव्हतो. पण ही गोष्ट सोल्फ्रिडने पुढे स्वतःशीच इतक्या वेळा घोकली की मला ती पाठ झाली.

मी खोक्यातून निघालो तेव्हा अनफिननी मला उलटापालटा करून पाहिले.

"कुठून आला हा?"

"हाँगकाँगहून."

"का? रॅग्नवाल्डकडे नव्हता?"

"होता. महाग होता, बाबा."

"आणि बिघडला तर? पोहत जाणार हाँगकाँगला?"

"हमी आहे एक वर्षाची. हे बघा, कार्ड."

अनफिनना चष्म्याशिवाय दिसत नव्हते. त्यांनी कार्ड लांब धरले, जवळ धरले आणि परत दिले. "छापलंय म्हणजे असेल," ते म्हणाले.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. खोटे का बोलू? नावघरात डांबराचा आणि ओल्या पाइनच्या लाकडाचा वास भरलेला असे. अनफिननी होडीचा कणा बसवला. मग पुढची आणि मागची नाळ, म्हणजे होडीची वर वळलेली दोन टोके. मग दोन्ही बाजूंची पहिली फळी. सुरुवातीला ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत. पण आठवड्याभरात त्यांना माझी सवय झाली. नंतर तर तेच मला बोलवू लागले.

"ए हाँगकाँग! इकडे बघ. सोल्फ्रिड, असा नाही, खालून घे. माझा अंगठा दिसला पाहिजे. अंगठा कुठे टेकलाय त्यावर सगळं आहे."

"दिसतोय, बाबा."

"नख दिसतंय?"

"नखातलं डांबरसुद्धा दिसतंय."

ते खूश होऊन हसत. रात्रीच्या जेवणाआधी सोल्फ्रिड दिवसाचे फोटो त्यांना दाखवी. ते स्वतःच्या हातांकडे पाहत बसत, जणू दुसऱ्या कोणाचे काम तपासत आहेत. "बरं करतो हा म्हातारा," असे एकदा म्हणाले. मी तोवर अकराशे चाळीस फोटो काढले होते. एकही वाया गेला नव्हता.

दुसरी फळी लावायचा दिवस उजाडला. या होडीला एका बाजूला तीनच फळ्या असतात, आणि त्यांतली दुसरी सगळ्यात अवघड. तीच पिळून नाळेला भिडवायची असते. अनफिन म्हणाले, "आता नीट बघा दोघं. पहिली कोणीही लावील. होडी चांगली की वाईट, ते इथे ठरतं." त्यांनी फळीवर गरम पाण्याचे फडके टाकले, छताच्या तुळईला टेकू लावले. सोल्फ्रिडने मला डोळ्याला लावले आणि बटण दाबले.

माझ्या पोटात काडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि सगळे काळे झाले. उजेड आत घेणारी माझी पाती तुटली होती. मी पडलो नव्हतो, भिजलो नव्हतो. खोट जन्माचीच होती. हातमोजे घातलेल्या त्या मुलीला ती दिसली नव्हती.

"थांबा बाबा," सोल्फ्रिड म्हणाली. "आज नका लावू."

दुसऱ्या दिवशी मी रॅग्नवाल्डच्या दुकानात होतो. साठीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्याने मला उलटे केले, नंबर वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हा माझ्याकडचा नाही."

"नाही."

"तू तासभर बघितलास तो माझ्याकडचा होता."

सोल्फ्रिडची मान लाल झाली. "बोल, काय बोलायचं ते बोलून घे."

"बोललो. झालं." त्याने कंपनीच्या दुरुस्ती केंद्राला फोन लावला आणि तिलाही ऐकू यावे म्हणून आवाज मोठा ठेवला. पलीकडच्या माणसाने आधी नंबरच विचारला.

"हा बाहेरच्या बाजाराचा आहे. आम्ही घेत नाही."

"हमीत नका घेऊ. पैसे घेऊन करा," रॅग्नवाल्ड म्हणाला.

"पैसे घेऊनही नाही. नियम आहे."

"अहो, पण कॅमेरा तुमच्याच कंपनीचा ना?"

"आमचाच आहे. इथला नाही."

मित्रांनो, मी ते ऐकत होतो. ज्यांनी मला घडवले तेच मला ओळखत नव्हते.

फोन ठेवून रॅग्नवाल्ड म्हणाला, "माझ्याकडून घेतला असतास तर पाच वर्षं दुरुस्तीसाठी माझ्या डोक्यावर बसता आलं असतं तुला. कायदाच आहे तसा." मग तो आत गेला आणि एक वापरलेला कॅमेरा घेऊन आला. "हा ने. भाडंबिडं काही नको. अनफिनचं काम चुकायला नको."

"नको. दोन-तीन आठवड्यांत येईल माझा परत."

"अगं घे, हट्ट नको करू."

"एवढं ऐकवलंस ते पुरे आहे, रॅग्नवाल्ड. वर तुझे उपकार नकोत."

तो कॅमेरा काउंटरवरच राहिला. आम्ही परतीच्या बोटीत बसलो तेव्हा सोल्फ्रिड मला मांडीवर घट्ट धरून पाण्याकडे पाहत होती. बोट सुटायला अजून दहा मिनिटे होती, दुकानात मागे फिरता आले असते. ती उठली नाही.

मला कापसात गुंडाळून हाँगकाँगला धाडले गेले. मागे घरी काय झाले ते मला नंतर कळले. सोल्फ्रिडने आपल्या जुन्या मोबाइलवर फोटो काढून पाहिले. त्या अंधारात हात म्हणजे नुसते तपकिरी ठिपके. अनफिन म्हणाले, "हे काय, अस्वल होडी बांधतंय?" मग त्यांनी फळी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली. रोज विचारायचे, "आला का हाँगकाँग?" नवव्या दिवशी त्यांनी गोणपाट काढले.

"लाकूड नाही थांबत, पोरी. वाळलं तर वळणार नाही."

"आणखी आठवडाभर?"

"मी थांबेन. हे नाही थांबणार."

ती बोटीवर कामाला गेली असताना त्यांनी एकट्याने दुसरी फळी बसवली. मग समोरच्या बाजूची, मग तिसरी. एप्रिल संपायच्या आत होडी तयार झाली.

मी तेव्हा एका दुकानाच्या मागच्या खोलीत, बिघडलेल्या वस्तूंच्या टोपलीत होतो. सहा आठवडे कोणी मला हात लावला नाही. मग एका माणसाने माझे स्क्रू काढले आणि पत्र लिहिले. हिरव्या अक्षरांतली ती हमी कंपनीची नव्हतीच, दुकानाची स्वतःची होती, आणि तिच्यात अटी होत्या. पत्रात लिहिले होते, आतल्या एका स्क्रूवर खाऱ्या हवेचा डाग आढळला, सबब दुरुस्ती हमीत बसत नाही. समुद्राकाठच्या घरात राहणाऱ्या कॅमेऱ्यावर दुसरे काय आढळणार? पाती त्या डागाने तुटली नव्हती. पण हे सांगायला मला तोंड नव्हते. सोल्फ्रिडने सगळा खर्च भरला. परत येताना मी जकातीत अडकलो, कारण मी दुरुस्त होऊन येतोय की नव्याने विकला जातोय, हे कागदांवरून कोणाला कळत नव्हते.

जुलैत मी घरी पोचलो. होडी बाहेर गवतावर उभी होती, डांबर लावून चकचकीत केलेली. अशी देखणी वस्तू मी पाहिली नाही. तिच्या शेजारी बाकावर अनफिन बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, कोणीतरी विसरून गेल्यासारखा. मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. बोलणेही गेले होते. 'हो' आणि 'नाही' एवढेच उरले होते.

त्यांनी मला पाहिले. ओठ हलले. "हाँ..." ते म्हणाले. "हाँ... हाँ..."

"हो बाबा," सोल्फ्रिड म्हणाली. "हाँगकाँग आला."

तिने मला डोळ्याला लावले आणि बटण दाबले. मी उत्तम चाललो. दुरुस्तीनंतरचा माझा पहिला फोटो त्या उताण्या हाताचा आहे. प्रत्येक सुरकुती स्पष्ट आली आहे. त्यानंतर सोल्फ्रिडने मला बाकावर ठेवले आणि ती घरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात होडीशाळेतून तोर्दिस नावाची तरुण बाई आली. हुशार, हाताला चांगली. माझे अकराशे चाळीस फोटो तिने भिंतीवर ओळीने लावले आणि त्याच नावघरात नवी होडी बांधायला घेतली. अनफिन चाकाच्या खुर्चीत बसून पाहत. कणा बसला. नाळ बसली. पहिली फळी अशी बेतशीर बसली की अनफिननी तीनदा "हो, हो, हो" म्हटले.

"सोल्फ्रिड, दुसऱ्या फळीचे फोटो कुठे आहेत गं?" तोर्दिसने विचारले.

"नाहीत."

"दुसरीकडे ठेवलेत का?"

"नाहीतच. काढलेच नाहीत."

तोर्दिसने तयार होडीची मापे घेतली. फळी शेवटी कुठे यायला हवी ते तिला कळत होते. ती तिथपर्यंत कशी न्यायची, टेकू आधी कुठला लावायचा, अंगठा कुठे टेकायचा, ते होडी सांगत नव्हती. तिसऱ्या प्रयत्नात फळी टोकापासून मधोमध उलली. अनफिन डाव्या मुठीने खुर्चीच्या हातावर मारू लागले. "नाही! नाही! नाही!" त्यांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला. पण त्या हाताला ते कधी आलेच नव्हते. मग ते रडले. तोर्दिसने हत्यारे आवरली आणि वसंतात ती शहरात परतली. ती आता दुसऱ्या तऱ्हेच्या होड्या बांधते.

मित्रांनो, माझ्यासारखी महागडी वस्तू परदेशातून घ्यायला माझी ना नाही. पण 'हमी आहे' एवढ्यावर हुरळून जाऊ नका. कोणाची आहे, कोणत्या देशात चालते, बिघडल्यावर मला हातात कोण घेईल आणि तोवर तुमचे काम थांबणार आहे का, एवढे चार प्रश्न आधी विचारा. कार्ड चष्मा लावून वाचा. माझे ऐका, कारण मी स्वस्तात आलो होतो.

अनफिन त्याच वर्षी मे महिन्यात गेले. अंत्यविधीनंतर कॉफीला सगळे नातेवाईक जमले. एकत्र फोटो हवा म्हणून मी सोल्फ्रिडच्या गळ्यात होतो. तो माझा शेवटचा फोटो. सगळ्यांत शेवटी रॅग्नवाल्ड आला. त्याने टोपी हातात घेतली, माझ्याकडे पाहिले, आणि मागचे काही काढले नाही. नुसते विचारले, "कसे आलेत गं, त्याच्या कामाचे फोटो?"

सोल्फ्रिडने त्याच्या पेल्यात कॉफी ओतली. पेला भरला, काठापर्यंत आला, तेव्हा कुठे तिचा हात थांबला.

"छान आलेत," ती म्हणाली. "पहिल्या फळीपर्यंत."