घाईने लागलेला फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. तसं माझं वय फार नाही, पण चौकात उभं राहायचं भाग्य मला जेमतेम एका सकाळपुरतं लाभलं आणि तेवढ्यात मी जुना झालो.

माझा जन्म नंदुरबारच्या एका छापखान्यात झाला. यंत्रातून बाहेर आलो तेव्हा अंगाला शाईचा उग्र वास येत होता. कडांना चकचकीत रिंगा ठोकल्यावर मी चांगलाच रुबाबदार दिसू लागलो. माझ्यावर खांडबाऱ्याच्या नर्स आशाताईंचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरं होती : 'मिशनसेवेसाठी परदेशी निघाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

मित्रांनो, ज्या देशात त्या निघाल्या होत्या, तिथे लढाई चालू आहे. आपल्या सरकारने तिथे जायला बंदी घातली आहे. खास परवानगी मिळाली तरच जाता येतं; चोरून गेलं तर पासपोर्ट जातो. तिथे मिशनचं बाळंतिणींचं रुग्णालय आहे, पण बाळंतपण करणारी एकही नर्स उरली नव्हती. म्हणून आशाताईंनी परवानगीचा अर्ज केला होता.

एके दिवशी मिशनच्या कचेरीतून फोन आला, "फाइल दिल्लीला गेली." तो घेतला ताईंचा भाऊ जोसेफ याने. आमच्याकडे फाइल हलली की काम झालंच, असं धरून माणसं पेढे वाटतात. तालुक्याला फाइल हलता हलत नाही, म्हणून ही सवय. जोसेफने पेढ्यांऐवजी मला छापून आणलं आणि स्टेशनच्या रस्त्यावरच्या चौकात बांधलं. ताई दवाखान्यात ड्यूटीवर होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मी वाऱ्यावर मिरवत होतो, तोच एक मोटारसायकल माझ्यापुढे थांबली. अर्जाच्या चौकशीसाठी आलेले हवालदार पितांबर नाना होते ते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझा फोटो काढला. ड्यूटी संपवून येणाऱ्या आशाताई मला पाहून जागीच थिजल्या. जोसेफ धावत आला.

"हाई काय शे?" नानांनी अहिराणीत विचारलं. "परवानगी भेटनी का तुमले? मंग मी कसाले उनू आठे?"

परवानगी आधीच मिळाली असेल, तर चौकशीला आपण इथे आलोच कशाला, असं ते विचारत होते.

"खरं सांग बहीण, दुसरा देशमाईन चोरीछुपे तं जाई नही ऱ्हायनी ना?"

माझ्या रिंगा ताणल्या गेल्या होत्या. स्वतःला गुंडाळून कुठेतरी लपावंसं मला वाटत होतं, पण बांधलेल्याला लपता कुठे येतं?

"नाही नाना," ताई म्हणाल्या. "परवानगी आलेली नाही. ती आली नाही तर मी जाणार नाही; दुसऱ्या देशातून लपूनछपूनही नाही. हे कुणी लावलं ते मला माहीत नाही."

"मी लावलं," जोसेफ कसाबसा बोलला. "ताईला न विचारता."

"मी जे देखं ते लिखसू," एवढंच बोलून नाना गेले.

ताईंनी स्वतःच्या हातांनी माझ्या दोऱ्या सोडल्या. मला वाटलं, आता चुलीत जाणार. पण त्यांनी माझी घडी केली आणि घरी भाताच्या कोठीमागे ठेवली. मग सुरू झालं वाट पाहणं. आपल्यामुळे परवानगी हुकणार, या धास्तीने जोसेफ जेवेना. फोन वाजला की सगळं घर श्वास रोखून धरी. तिकडे बायका अडल्या असतील आणि आपण इथे बसलोय, असं ताई एकदा म्हणाल्या, तेव्हा अंधारातल्या अंधारात मला माझ्या ठळक अक्षरांची लाज वाटली.

अखेर परवानगी आली. नानांनी पाहिलं तेच लिहिलं होतं; भावाचा उतावळेपणाही आणि बहिणीचं उत्तरही. घरात रडणं-हसणं एकच झालं. जोसेफने मला ओढून काढलं आणि तो दाराकडे पळाला.

त्यांची आई मोगराबाई दारात आडवी उभी राहिली.

"ठेव तो खाली. पोर लढाईत चाललीय, त्याचं कसलं अभिनंदन? ती घरी आली म्हणजे लाव."

जोसेफने मला परत कोठीमागे ठेवलं. ताई गुपचूप पहाटेच्या गाडीने गेल्या.

आता त्या तिकडे आहेत. कधी फोन लागतो, कधी लागत नाही. नाही लागला की मोगराबाई माझ्यावरची धूळ झटकते आणि पुन्हा तशीच घडी घालते. मित्रांनो, जाणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण आधी त्याच्या परतण्याची काळजी वाहा. मला वाऱ्याची हौस अजून आहे. तरीही आशाताई या उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत माझी घडी कुणी मोडू नका.