मिरजोळ्याची पडवी

मुतखडे काढण्याचा सराव करायला रत्नागिरीच्या रुग्णालयात सिम्युलेटर आला, तेव्हा डॉ. मृणाली सुर्वेने मूत्ररोग शस्त्रक्रिया शिकणाऱ्या आपल्या निवासी डॉक्टरांना त्यावर बसवलं. पडद्यावर मूत्रनळी दिसे. आतली दुर्बीण जरा घासली की यंत्र कुरकुरे.

"मॅडम, तुम्ही कशावर शिकलात?" तेजस्वीने विचारलं.

"बकऱ्याच्या मूत्रपिंडांवर. लिमये सर रविवारी मटणवाल्याकडून आणायचे आणि मिरजोळ्याला घरच्या पडवीत आमच्याकडून टाके घालून घ्यायचे."

पोरं हसली. मृणालीही हसली, पण सर आता नाहीत या आठवणीने तिचा जीव हळवा झाला. संध्याकाळी तिने गाडी मिरजोळ्याला वळवली.

सरांच्या पत्नीने, काकूंनी, कोकम सरबत दिलं. यंत्राची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "मी शाकाहारी. ती पिशवी दिसली की माजघरात जाऊन बसायचे. पण तुम्हां पोरांचा गलबला ऐकून बरं वाटायचं हो."

दोघी दिवेलागणीपर्यंत रिकाम्या पडवीत बोलत बसल्या. निघताना मृणालीने विचारलं, "काकू, रविवारी माझ्या पोरांना आणू?"

"आण," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना घावन घालीन."